पहिली गिरकी खालच्या सुरात

दिवाळीनंतर आमच्या घरात एक आवाज राहायला आला. ऊँऽऽ करत सुरू व्हायचा, एकदम वर उडायचा, तिथंच लटकायचा आणि मग दम लागल्यासारखा खाली बसायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं मिक्सर गेला. सुनेला म्हटलं, "बंद कर गं, जळायच्या आत." ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मिक्सर फळीवर हाय आत्याबाई. तुमच्या नातीचा फोन बोलतोय."

नात ताटावर बसली होती. एका हातानं घास, दुसऱ्या हातानं फोन, आणि डोळे मिटलेले. तोच आवाज पुन्हा पुन्हा लावत होती. मी म्हटलं, "हे कोणतं गाणं म्हणायचं?"

"गाणं नाही आजी. ही माझी फेक आहे."

माझी नात हातोडा फेकते. भिंतीत खिळा ठोकायचा तो हातोडा नाही. लोखंडाचा गोळा, त्याला लांब तार, तारेच्या टोकाला धरायला कडी. आधी जागेवर उभं राहून तो गोळा डोक्याभोवती फिरवायचा, मग त्याच्यासोबत स्वतः टाचेवर-चवड्यावर गिरक्या घ्यायच्या आणि शेवटी सोडून द्यायचा. तिन्ही बाजूंनी जाळी असते, समोर मोकळं तोंड, आणि त्या तोंडातून पुढं आखलेल्या पट्ट्यात गोळा पडला तरच फेक धरतात. बाहेर पडला की पंच लाल झेंडा वर करतो. आत पडला की पांढरा. एवढं मला कळायला एक हिवाळा गेला. त्याआधी मी शेजारणींना सांगायची, पोरगी कुस्तीला जाती.

तिच्या मॅडमनी त्या तारेवर, कडीजवळ, काडेपेटीएवढी डबी बसवली होती. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडून करून घेतलेली. गोळा जितका जोरात फिरेल तितका फोनातला आवाज वर चढतो. मंद फिरला की खाली येतो. पोरगी गिरक्या घेत असताना तिला स्वतःकडं बघता येत नाही, डोळ्यांपुढं सगळं शहर फिरत असतं, पण कान मोकळे असतात. म्हणून ही व्यवस्था. चांगली फेक कशी असते तेही नातीनं लावून दाखवलं. ती दुसऱ्या कुणा मोठ्या मुलीची होती. खाली सुरू झाली, लाटेसारखी चढली, उतरली, पुढची लाट आणखी वर, तिच्यापुढची आणखी वर, आणि अगदी टोकाला जाऊन तुटली.

"आणि माझी," नात म्हणाली, आणि पुन्हा आमचा मिक्सर लावला. "पहिल्याच गिरकीत सगळा जोर लावून बसते. मग पुढं चढायला जागाच राहत नाही. शेवटी घाबरून ओढते आणि गोळा जाळीत."

मागच्या स्पर्धेत तिच्या सगळ्या फेका जाळीत गेल्या होत्या. लांबी तिच्याकडं होती, मॅडम तसं म्हणायच्या. मैदानात फक्त एक फेक पट्ट्यात पडली असती तरी पोरगी राज्याच्या संघात गेली असती. आता संक्रांतीनंतर पुन्हा निवड होती. आणि माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, शेंद्र्याच्या कंपनीतून शिफ्ट करून आल्यावर, बूट काढता काढता सांगून टाकलं होतं, "या बारीला झालं तर झालं. नाय तर बारावीचं बघ. जाळीत गोळे मारायला मी रोज रिक्षावर पैसे जाळीत नाय."

तेव्हापासून पोरगी जेवताना डोळे मिटून स्वतःच्या चुका ऐकत होती. ते मला बघवेना.

मी म्हटलं, "हा आवाज मला माहीत हाय."

"तुला कसा माहीत असेल?"

"गोफणीचा हाय."

इथं मला माझ्याच एका जुन्या ओळखीच्या पोरीबद्दल सांगावं लागेल. करमाडच्या अलीकडं एक वस्ती होती, तिथल्या मेंढरंवाल्या घरातली. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेली कातडी आणि स्वतःबद्दल असं मत, की तालुक्यानं आपल्याला बघायला तिकीट लावावं. ती पोरगी म्हणजे मी. आता आठवली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो, पण अंतर फार पडलं.

ज्वारी हुरड्यात आली की तिला माळ्यावर चढवायचे. माळा म्हणजे चार खांबांवर बांधलेलं लाकडी मचाण, पिकाच्या वर. तिथं उभं राहून पाखरं हाकलायची. हातात गोफण. दोन दोऱ्या, मध्ये विणलेली वाटी, वाटीत खडा. एका दोरीचा फासा बोटात, दुसरी नुसती चिमटीत. डोक्याभोवती फिरवायची आणि वेळेला चिमूट सोडायची. फिरताना ती घोंगावते. आधी हळू, मग वर, आणि सुटताना फाट्कन वाजते. पाखरं खड्याला भीत नाहीत, त्या फाट्ला भितात.

माझा बाप खाली बांधावर मेंढरांकडं तोंड करून बसायचा. माझ्याकडं बघायचासुद्धा नाही. नुसता घोंगाट ऐकून ओरडायचा, "घाई करती." मी विचार करायची, याला पाठीला डोळे हायेत का. पुढची गोफण त्याला चिडवायला आणखी जोरात फिरवायची. पहिल्याच फेऱ्याला सगळा जोर. कारण जोर दिसतो, आणि त्या पोरीला दिसण्यातच सगळा रस होता. खडा मग जायचा कुठंही. एकदा आमच्याच मेंढ्याच्या शिंगावर बसला. तो चार दिवस माझ्याकडं बघून मान वळवायचा.

त्या साली मला बघायला पाहुणे आले. न सांगता आले. घर बंद होतं म्हणून बाप त्यांना सरळ शेतात घेऊन आला. मी माळ्यावरून बघितलं तर बांधावरून पांढरे फेटे येताहेत, आणि मागं एक उंच, मान खाली घातलेला माणूस. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. शहाण्या पोरीनं पदर सावरून खाली उतरावं. मी गोफण उचलली. म्हटलं, बघू द्या यांना.

पाहुण्यांना सावलीत बसवून बापानं तांब्या दिला. सासरे, म्हणजे पुढं झालेले, पाणी पिण्यासाठी तांब्या तोंडाला लावत होते. मी पहिल्या फेऱ्यालाच असा जोर लावला की माळा करकरला. चिमूट सुटली कधी ते मला कळलंच नाही. खडा पुढं पाखरांकडं जायच्या ऐवजी मागं आला आणि ठण्णकन तांब्यावर बसला. पाणी फेट्यावर, फेटा मांडीवर.

मेंढरंसुद्धा चरायची थांबली.

सासऱ्यांनी तांब्याचा पोचा बोटानं चाचपला. मग वर बघून विचारलं, "पोरी, नेम कुणावर धरला व्हता?"

बाप तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलं, "तुमच्यावर नव्हता."

"मंग हरकत नाय," ते म्हणाले. "भाकरी येती का?"

"येती," मी म्हटलं. "कधी येऊ?"

म्हणजे मागणी व्हायच्या आधी होकार देऊन मोकळी. तो मागचा उंच माणूस तेव्हा पहिल्यांदा मान वर करून हसला. आयुष्यभर तो मला त्या दोन शब्दांवरून चिडवत राहिला. कुठं जायला निघालो आणि मी आधीच चपला घालून दारात उभी असले, की म्हणायचा, "कधी येऊ?" आता तो नाही. तांब्या आहे. पोच्यासकट माझ्यासोबत सासरी आला, मग मुकुंदवाडीच्या घरात आला, आणि अजून आमच्या माठावर बसतो.

हे सगळं नातीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की वरण सांडलं. मग म्हणाली, "म्हणजे तुझीपण जाळीतच गेली की."

"जाळी नव्हती म्हणून सासर मिळालं," मी म्हटलं. "उद्या मला ग्राउंडवर ने. मॅडमना दाखवते, आवाज कसा काढायचा."

आता तुम्हीच बघा. वय काय, गुडघे काय, आणि माळ्यावरची ती पोरगी अजून आत बसलेलीच. रात्रीतून मी सुतळीची गोफण वळली. वाटीसाठी नातीच्या जुन्या दप्तराचा पट्टा कापला. सकाळी सुनेची नजर चुकवून टोपलीतले बटाटे पिशवीत टाकले, कारण नात म्हणाली होती, दगड घेऊन आलीस तर गेटवरूनच परत पाठवतील.

छावणीपासून थोडं पुढं त्यांचं ग्राउंड. शेअर रिक्षानं आम्हाला कुंपणापाशी सोडलं. तो रिक्षावाला रोजचा, नातीला ओळखायचा, सकाळी त्या बाजूला सवारी मिळायची नाही म्हणून तिथंच थांबून चहा प्यायचा. मॅडम जाळीपाशी उभ्या होत्या. तिशीच्या, केस आखूड, गळ्यात शिट्टी. मला बघून हात जोडून म्हणाल्या, "जय भीम आजी. आज तुम्ही फेकणार म्हणे?"

"जय भीम बाई. फेकणार नाय, शिकवणार."

मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी पोरींना लांब बसवलं, मला मधोमध उभं केलं आणि आपली डबी माझ्या गोफणीला, बोटातल्या फाश्याजवळ, चिकटपट्टीनं बांधली. "तुमचा आवाज आम्हालापण ऐकू द्या," म्हणाल्या. फोन एका छोट्या स्पीकरला जोडला.

मी बटाटा वाटीत ठेवला. पाय रोवले. पोरी बघताहेत, मॅडम बघताहेत, नात बघतेय. झालं. माझ्या अंगात ती दोन वेण्यांची पोरगी शिरली. पहिल्याच फेऱ्याला असा झटका दिला की खांदा म्हणाला, बाई मी चाललो. स्पीकरमधून आवाज एकदम शेंड्याला गेला, तिथंच लटकला आणि खाली बसला. चिमूट सुटली. सगळ्या पोरींनी पुढं बघितलं. बटाटा पुढं नव्हता.

कुंपणापलीकडून रिक्षावाल्याचा आवाज आला, "अम्मा, आलू तो आ गया. प्याज भी भेज देते, सालन बन जाता."

त्याच्या मागच्या सीटवर बटाटा जाऊन पडला होता, सवारी बसावी तसा.

पोरी हसत हसत गवतावर आडव्या झाल्या. नातीनं तोंडावर ओढणी घेतली होती, पण खांदे हलत होते. मॅडमनी मात्र शांतपणे फोन उचलला आणि माझी फेक पुन्हा लावली. मग तिच्यापाठोपाठ नातीची कालची फेक लावली. वर उडाला, लटकला, बसला. वर उडाला, लटकला, बसला. कुठली कुणाची ते सांगता येऊ नये.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "घराणं कळलं."

एवढी वर्षं बाप "घाई करती" म्हणायचा आणि मला वाटायचं तो चिडलाय. तो मला माझाच आवाज ऐकवत होता. त्याच्याकडं डबी नव्हती एवढंच. मी मॅडमना म्हटलं, "बाई, शिकवायचं राहू द्या. मलाबी शिकवा."

तर त्या दिवसापासून आम्ही दोघी शिकायला लागलो. मॅडमची रीत साधी होती. आधी फेकायचं नाही, आधी गायचं. चांगल्या फेकीचा आवाज तोंडानं काढायचा, खाली सुरू करून लाटालाटांनी वर. तो नीट आला की मग त्याच सुरात अंग फिरवायचं आणि फोनचा सूर आपल्या सुराशी जुळतो का ते बघायचं. "हात काय करतो, पाय काय करतो, ते सगळं डोक्यात धरू नका," त्या म्हणायच्या. "एवढं सगळं धरून कुणाला फिरता येतं? आवाज धरा. आवाज चढला म्हणजे हातापायांनी आपापलं काम केलं."

नातीला "पाय आधी टेकव, हात सैल सोड, खांदा मागं ठेव" असं सांगितलं की ती कापडाच्या बाहुलीसारखी व्हायची, प्रत्येक अवयव वेगळा. पण "पहिली लाट खाली ठेव" म्हटलं की सगळं आपोआप जागेवर यायचं. मी अंगणवाडीत अर्धं आयुष्य पोरांना हातवारे करून गाणी शिकवली. गाणं चुकलं की पोरांचे हात चुकायचे, गाणं बरोबर लागलं की हातसुद्धा बरोबर. हे रोज बघूनही आपल्या गोफणीशी त्याचा काही संबंध असेल असं माझ्या टाळक्यात कधी आलं नाही. शिकवणाऱ्या बाईला शिकायची सवय नसते.

घरी संध्याकाळी गच्चीवर आमची तालीम. नातीच्या हातात पाण्याची बाटली घातलेली पिशवी, माझ्या हातात रिकामी गोफण. ती ऊँऽऽ, मी ऊँऽऽ. सून दोरीवरचे कपडे काढायला वर यायची आणि दारातच थांबायची. "खालच्या बाई विचारत होत्या," एकदा म्हणाली, "तुमच्या गच्चीवर पाण्याची मोटार बसवली का म्हणून."

"सांग त्यांना, दोन बसवल्या," मी म्हटलं.

हळूहळू नातीचा सूर खाली आला. पहिली गिरकी अशी मंद, की बघणाऱ्याला वाटावं पोरगी कंटाळली आहे. मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटाला फोन असा कडाडायचा की ग्राउंडवरचे कावळे उडायचे. गोळा पट्ट्याच्या मधोमध. एकामागून एक. माझे बटाटेही आता पुढं पडू लागले होते. रिक्षावाला निराश झाला.

मला वाटलं, झालं काम. मॅडमना वाटलं नाही. एका सकाळी त्यांनी तारेवरची डबी काढली आणि खिशात टाकली.

"आज आवाज नाही."

नात जाळीतल्या फेकायच्या वर्तुळात गेली. डोक्याभोवती फेरे घेतले, आणि मला लांबून दिसलं, तिच्या मानेची शीर ताठ झाली. पहिलीच गिरकी झपकन. गोळा जाळीवर आदळला. दुसऱ्यांदा जाळी. तिसऱ्यांदा इतका उशिरा सुटला की मॅडम बाजूला झाल्या. नात वर्तुळातच बसली.

"मॅडम, डबी लावा ना. मला काहीच ऐकू येत नाही."

"निवडीच्या दिवशी डबी नसणार. तिथं चालत नाही."

"मग सवय लावली कशाला?" ती रडायला लागली. "पप्पा म्हणाले होते या बारीला शेवटचं. मला आता तिच्याशिवाय येतच नाही. आधी निदान वाईट तरी माझं मला येत होतं."

हे वाक्य मला लागलं. मी उठून मॅडमना काहीतरी सुनावणार होते. तोंड उघडलंच होतं. तर मॅडम तिच्या शेजारी मातीत बसल्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं. मी तुला फार दिवस वाजवून दिलं. आता वेगळं करू. डबी लावू, पण फोन माझ्या कानाशी राहील. तू फेकायचं आणि मला सांगायचं, कशी वाजली असेल. मग मी ऐकवते. आपण ताडून बघू."

मी तोंड मिटून घेतलं.

पहिले दिवस नातीला सांगताच येईना. "माहीत नाही," एवढंच. मॅडम ऐकवायच्या नाहीत. "अंदाज सांग. चुकला तरी चालेल. माहीत नाही हे चालणार नाही." मग ती बोलू लागली. "पहिली वर गेली." फोन लावला, पहिली वर गेलेली. "दुसरी बरी, तिसरीत ओढली." फोन तेच म्हणाला. एकेका दिवसात तिचा कान आतून उघडत चालला. गोळा अजून हवेत असायचा आणि ती मान हलवायची, नाही, किंवा हळूच हसायची.

मॅडमनी हाच खेळ माझ्याशीही खेळला. मी बटाटा फेकायची, त्या विचारायच्या, "कशी वाजली आजी?"

"झकास."

फोन लावायचा. मिक्सर.

"आता कशी?"

"पयल्यापेक्षा झकास."

मिक्सर. नात म्हणायची, "आजी, तुला तुझा आवाज ऐकूच येत नाही, तुला टाळ्या ऐकू येतात." पोरगी थेट माझ्या बापावर गेली याचा मला तेव्हा अभिमान वाटला आणि रागही आला. ज्या दिवशी मी पहिल्यांदा म्हटलं, "घाई केली," आणि फोननंही तेच सांगितलं, त्या दिवशी मॅडमनी मला चहा पाजला. गोफणीनं नेम बसला तेव्हा कुणी पाजला नव्हता.

निवडीचा दिवस आला. माझा मुलगा रात्रपाळी करून आला होता. मला वाटलं झोपेल. तो अंघोळ करून गाडीची किल्ली घेऊन उभा. "रिक्षानं उशीर व्हईल," म्हणाला. आम्हाला दोघींना मोटारीत घालून जालना रोडनं निघाला. नात मागं खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून. ओठ जरासे हलत होते.

मैदानावर पोरींची गर्दी, आया-बापांची गर्दी, उसाचा रस. आम्ही कडेच्या पायऱ्यांवर बसलो. मॅडम जाळीपासून लांब, कोचांना आखून दिलेल्या जागेत. प्रत्येकीला तीन फेका, आणि पुढं जाणाऱ्या दोनच.

नातीची पहिली फेक. नाव पुकारलं आणि ती जवळजवळ पळतच आत गेली. मला तिथूनच कळलं. झपकन फिरली, जाळी. लाल झेंडा.

मुलगा मांडीवर मूठ ठेवून बसला होता.

दुसरी फेक. जाळीतून सुटली, लांब गेली, लोकांनी "ओ" केलं, पण पट्ट्याच्या बाहेर, रेघेपलीकडं. लाल झेंडा. नात वर्तुळातून बाहेर आली तेव्हा तिनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी काही खूण केली नाही. नुसता एक हात कानाशी नेला, जसा त्या फोन नेत असत. नातीनं एक बोट जमिनीकडं दाखवून वर उडवलं. पहिली वर गेली. मॅडमनी मान हलवली. बरोबर. पोरीला कळलं होतं.

तिसऱ्या फेकीला नाव पुकारलं. ती शेवटची. यात पांढरा झेंडा नाही आला तर घरी, बारावी, संपलं.

आणि माझ्या आत ती दोन वेण्यांची पोरगी उठून उभी राहिली. मला इतकं वाटलं की ओरडून सूर द्यावा, ऊँऽऽ, असा खालचा, मोठ्यानं, पार वर्तुळापर्यंत जाईल असा. गच्चीवर रोज दिला होता. घसा तयार होता. फिरताना बाहेरून आवाज आला तर पोरीचा सूर तुटतो हे मॅडमनी दहादा सांगितलं होतं, पण त्या पोरीला कधी कुणाचं ऐकू आलंय. मी पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. मुलगा माझ्याकडं बघतच राहिला.

नात वर्तुळाच्या कडेला थांबली. आत गेली नाही. दोन बायका माझ्यामागं कुजबुजल्या, घाबरली वाटतं. ती घाबरली नव्हती, गात होती. ओठ मिटलेले, पण मला तिचा गळा दिसत होता. मग आत गेली, पाठ आमच्याकडं, गोळा डोक्याभोवती फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. आणि पहिली गिरकी घेतली, इतकी संथ, की मागच्या बाईनं चक् केलं.

मी डोळे मिटले. तिथून गोळ्याचा आवाज ऐकू येणं शक्य नाही, मधे एवढं मैदान, एवढी माणसं. पण मी माझ्या बापासारखी पाठ फिरवून बसले असते तरी चाललं असतं. खालची लाट. तिच्यावरची. तिच्याही वरची. आणि मग फाट्.

डोळे उघडले तर गोळा वर होता. मग गवतात धप्प झाला, पट्ट्याच्या आत. पंचानं खाली बघितलं, रेघा बघितल्या, पोरगी वर्तुळातून मागच्या बाजूनं नीट बाहेर आली का ते बघितलं. मग झेंडा वर केला. पांढरा.

मी तोंडातून पदर काढला तेव्हा तो चिंब झाला होता.

पहिली आली ती जालन्याची एक उंच पोरगी. आमची दुसरी. दोघी जाणार. मॅडम धावत आल्या नाहीत, चालत आल्या, आणि नातीला विचारलं, "कशी वाजली?"

"दुसऱ्या गिरकीत जराशी हलली," नात म्हणाली. "पण पहिली खाली होती."

"हां," मॅडम म्हणाल्या, आणि मग तिला अशी मिठी मारली की गळ्यातली शिट्टी दोघींच्या मधे चेंगरून किंचित वाजली.

परत येताना नात पुढं बसली, मी मागं. मुकुंदवाडीचं रेल्वे फाटक बंद होतं. गाडी बंद करून आम्ही थांबलो. फाटकापलीकडं शेंगावाला, अलीकडं शाळेची रिक्षा.

"पुढच्या आठवड्यापासून सकाळी मी सोडत जाईन," मुलगा समोर बघत म्हणाला. "शिफ्ट बदलून घेतो."

नातीनं खिडकीची काच खाली घेतली आणि बाहेर बघून हसत बसली.

थोड्या वेळानं मला एक आवाज ऐकू आला. मला आधी वाटलं आगगाडी आली. नव्हती. माझा मुलगा स्टिअरिंगवर बोटं ठेवून, स्वतःशीच, आपल्याला कुणी ऐकत नाही अशा समजुतीत, ऊँऽऽ करत होता. एवढे दिवस गच्चीखाली झोपून त्याच्या कानात ते भरलं असणार. सुरुवात केली आणि पहिल्याच झटक्याला एकदम शेंड्याला पोचला. पुढं जायला जागा उरली नाही, तेव्हा खाकरून गप्प झाला.

नातीनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं.

"पप्पा," ती म्हणाली, "घाई केलीत."